जात्याला दोन माणसं लागतात

दिवाळीत बेळगावच्या गल्लीत किल्ला बघायला गेलात तर तो नुसता बघून परत येता येत नाही. तुम्ही थांबलात की कडेला बसलेला आठ-नऊ वर्षांचा एखादा पोरगा उठतो, हातात काठी घेतो आणि सुरू होतो. "हा महादरवाजा. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून वाट अशी वळवलीया." तुम्ही भलत्या बाजूला उभे असाल तर तो तुम्हाला हलवतो. "तिथनं न्हाई दिसायचं काका, हिकडं या की ओ." मग पाठीमागं हात घालून तो एक बटण दाबतो. बुरुजावर दिवा लागतो, खालच्या तळ्यात पंपाचं पाणी खळाळायला लागतं. तुम्ही काही विचारलं नाहीत तर तोच विचारतो, "चोरवाट कुठं हाय, सांगा बघू?" आणि तुम्ही वाकून, चष्मा सावरत ती शोधायला लागता.

त्या पोराला कुणी हे शिकवलेलं नसतं. आधीच्या वर्षी मोठ्या मुलांनी केलेलं त्यानं बघितलेलं असतं, एवढंच. दगड, विटा, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, तांबडी माती, वेळेवर उगवावेत म्हणून आठ दिवस आधी पेरलेले हळीव. मोठ्या मंडळांचे किल्ले तर अख्खी मोकळी जागा व्यापतात. तिथं ध्वनिमुद्रित निवेदन असतं, रंगीत दिवे असतात, गर्दीला रांग असते. तरी मला ते काठीवालं पोरगं जास्त आवडतं, कारण त्याची गोष्ट समोरच्या माणसाप्रमाणे बदलते. म्हाताऱ्या माणसाला तो सावकाश सांगतो. बरोबरीच्या पोराला फक्त चोरवाट दाखवतो.

वास्तू, तंत्र आणि गोष्ट तिन्ही एकत्र आणायची आणि बघणाऱ्यालाही त्यात ओढून घ्यायचं, अशी सार्वजनिक कला जगातल्या बऱ्याच शहरांत आज उभी राहते आहे. त्यातल्या कामांविषयी मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचतो, चित्रफिती बघतो. दर वेळी जाणवतं, की या गोष्टीचं बाळकडू सीमाभागातल्या माणसाला गल्लीतच मिळालेलं आहे.

माझ्या मामांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. श्रावण लागला की दुकानातली निम्मी जागा मंडळाच्या देखाव्यानं अडायची. बेळगावातला सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ पासूनचा, टिळकांच्या प्रेरणेनं सुरू झालेला. हलते देखावे त्यात पुढं आले, पण आमच्या लहानपणी गणपती बघायला जाणं म्हणजे देखावे बघायला जाणंच होतं. मामांकडे लाकडाचा एक गोल रूळ होता. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, कुठं आखूड, कुठं लांब. समोर पितळी पात्यांची रांग. रूळ संथ फिरायचा. ज्या पातीखाली पट्टी यायची तिचा दिवा लागायचा, तिची मोटर फिरायची. ट्रकच्या वायपरच्या मोटरवर कालियाचा फणा डोलायचा, शिलाई मशीनच्या मोटरवर यमुनेच्या लाटा हलायच्या. अख्खी गोष्ट त्या रुळावर लिहिलेली असायची.

आणि मामा पहिल्या रात्री पडद्यामागं थांबत नसत. ते गर्दीत जाऊन उभे राहायचे. पोरं कुठं दचकतात, बायका कुठं हात जोडतात, लोक कुठं कंटाळून पुढं सरकतात, ते बघायचे. जिथं पोरं दचकायची ती पट्टी दुसऱ्या दिवशी दोन बोटं लांब व्हायची. जिथं लोक सरकायचे ती कापली जायची. अकराव्या दिवशीचा देखावा पहिल्या दिवशीसारखा कधीच नसायचा. लोकांना माहीत नव्हतं, पण तो देखावा त्यांच्याकडे बघत होता.

शिवजयंतीच्या चित्ररथांवर तर माणसंच उभी असतात. ट्रॉलीवर दरबार, दरबारात गल्लीतलीच पोरं, आणि रात्रभर ती मिरवणूक शहरातून सरकत राहते. कडेला उभा असलेला माणूस ओळखीच्या मावळ्याला हाक मारतो, आणि मावळा हसू दाबत ढाल सावरतो.

शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये २००४ साली झाउमे प्लेन्सा या स्पॅनिश शिल्पकारानं एक कारंजं केलं, क्राउन फाउंटन. काचेच्या विटांचे दोन मनोरे, प्रत्येकी सुमारे १५ मीटर उंच, समोरासमोर उभे. मधे काळ्या दगडाची फरशी आणि तिच्यावर जेमतेम तळवे भिजतील एवढं पाणी. मनोऱ्याच्या आत एलईडी दिव्यांचा पडदा आहे, त्यावर माणसांचे चेहरे दिसतात. नट नाहीत, पुढारी नाहीत. शहरातल्या जवळजवळ १००० साध्या रहिवाशांचे चेहरे त्यासाठी चित्रित केले होते. चेहरा काही मिनिटं शांत बघत राहतो, पापण्या लवतात, मग ओठांचा चंबू होतो आणि बरोबर तिथून पाण्याची धार बाहेर पडते. खाली पोरं तिची वाट बघत उभीच असतात. ती धार म्हणजे एक नळ आहे, त्या नळाच्या जागी ओठ यावेत म्हणून प्रत्येक चेहरा मापून बसवलेला आहे. तंत्र एवढंच. पण उद्या आपला चुलता पन्नास फूट उंच होऊन गावच्या पोरांवर पाणी उडवील, हे ज्या शहरात घडू शकतं त्या शहरातल्या माणसाला चौक आपला वाटणारच.

मॉन्ट्रियलला २०११ साली रस्त्याकडेला २१ झोके टांगले होते. प्रत्येक झोक्याला आपला सूर. एकटे झुललात तर एक सूर, शेजारचे तुमच्याबरोबर झुलले तरच पुढची चाल उलगडते. अनोळखी माणसं एकमेकांचा झोका बघून आपला झोका जुळवायला लागली.

मला हे सगळं वाचताना हलशी आठवते. खानापूर तालुक्यात, झाडीच्या तोंडाशी असलेलं हे गाव एकेकाळी कदंबांची राजधानी होतं. तिथल्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे आहेत, अगदी समोरासमोर. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका देवाकडे बघायचं तर दुसऱ्याकडे पाठ होते. मग माणूस वळतो. पुन्हा वळतो. ज्या कारागिरांनी ती वास्तू बांधली त्यांनी भक्ताला तिथं एका जागी उभं राहू दिलेलं नाही. दोन्ही कथा ऐकायच्या तर अंग वळवावं लागतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, १२०४ सालच्या जैन मंदिरात, छताला दगडी कमळ लोंबतंय. ते नीट दिसायला बरोबर त्याच्याखाली येऊन मान पाठीमागं टाकावी लागते, आणि मंडपात शिरलेला प्रत्येक जण नकळत त्याच एका जागी येऊन थांबतो.

शेजारच्या विजापूरचा गोल घुमट तर आमच्याकडच्या प्रत्येक शाळेच्या सहलीत असतोच. १६५६ च्या सुमारास पुरी झालेली महंमद आदिलशहाची कबर. घुमटाच्या आतल्या बाजूनं फिरणाऱ्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, की समोरच्या टोकाला भिंतीला कान लावलेल्याला ते ऐकू येतं. आवाज मोकळ्या हवेत विरायच्या ऐवजी गोल भिंतीला चिकटून घसरत जातो, म्हणून हे होतं. सहलीतली पोरं आधी ओरडतात, टाळ्या वाजवतात, घुमट ते सगळं पुन्हा पुन्हा परत करतो आणि नुसता कल्लोळ होतो. मग कुणीतरी शहाणं पोर मित्राला पलीकडे पाठवतं आणि हळू बोलून बघतं. त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी पुढं मोठमोठ्या कलाकृतींच्या चित्रफितींत पुन्हा बघितलं. पलीकडचा माणूस दिसतोय बोटाएवढा, आणि आवाज कानाशी.

आता आमच्या शहराकडे बघा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं. रस्ते खणले, दिवे बदलले, बागा झाल्या. किल्ल्याच्या तळ्याकाठी २०१८ साली ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. चौकाचौकांत पुतळे आहेत, आणि त्यांना मान द्यायला मला कुणी सांगायला नको. पण आमच्या चौकातली प्रत्येक वस्तू बोलणारी आहे. फलक बोलतात, कमानी बोलतात, झेंडे बोलतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे डिजिटल बोर्ड बोलतात. कुठल्या भाषेत बोलायचं यावर भांडणंही होतात, आणि ती भांडणं खोटी नाहीत, त्यांच्यामागं माणसांची आयुष्यं आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. आजही त्या तारखेला शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे आमच्याकडे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. मी त्या दाव्यात इथं शिरत नाही. मला म्हणायचं आहे ते चौकाबद्दल. एवढ्या बोलणाऱ्या वस्तूंमध्ये ऐकणारी एकही वस्तू नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऐकणारी वस्तू कशी असते? नोव्हेंबर १९८० मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या दोन कलावंतांनी न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या काचेच्या दर्शनी खिडकीत आणि लॉस एंजलिसमधल्या तशाच खिडकीत पडदे लावले आणि उपग्रहानं ते जोडले. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर चालणाऱ्या माणसाला अचानक दुसऱ्या किनाऱ्यावरची माणसं पुऱ्या उंचीची, काळ्या-पांढऱ्यात, चालतीबोलती दिसायला लागली. जाहिरात केलेली नव्हती. काय आहे हे सांगणारा फलक नव्हता, देणगीदाराचं नाव नव्हतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: आपण स्वतः पलीकडे कसे दिसतो ते दाखवणारा पडदाही नव्हता. माणूस स्वतःला बघत बसला नाही, समोरच्याला बघत राहिला. पहिल्या संध्याकाळी वाटसरू थबकले. दुसऱ्या संध्याकाळी ऐकून आलेले आले. तिसऱ्या संध्याकाळी लोकांनी दूरच्या नातेवाइकांना फोन करून वेळ ठरवली आणि कुटुंबंच्या कुटुंबं खिडकीसमोर जमली. मग ते बंद झालं. तीनच संध्याकाळी.

आणि आता ज्या कामासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेझ ही जोडशहरं, मधे नदी आणि सरहद्द. तिथं चामिझाल नावाचा जमिनीचा एक तुकडा आहे. नदीनं पात्र बदललं आणि तो तुकडा कुणाचा यावर दोन देश शंभर वर्षांच्या आसपास भांडत होते. १९६३ च्या करारानं ते मिटलं, नदीला काँक्रीटच्या पात्रात घालून सरहद्द पक्की केली. त्याच परिसरात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मेक्सिकोत जन्मलेल्या रफाएल लोझानो-हेमर या कलावंतानं 'बॉर्डर ट्यूनर' उभं केलं. अलीकडे तीन आणि पलीकडे तीन अशी सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी एक चक्ती, एक माइक, एक स्पीकर. चक्ती फिरवली की आभाळातले प्रचंड प्रकाशझोत तुमच्या हाताप्रमाणे वळतात. पलीकडेही कुणीतरी अनोळखी माणूस आपले झोत फिरवत असतो. दोन्हीकडचे झोत आभाळात एकमेकांना भेटले की त्याच क्षणी दोघांचे माइक आणि स्पीकर जोडले जातात. तुम्ही बोलता, ते ऐकतात. ते बोलतात, तुम्ही ऐकता. आवाजाच्या चढउतारावर तो प्रकाशही लवलवतो. झोत हलवला की संभाषण तुटतं, मग दुसरा कुणी शोधायचा.

लोक काय बोलले? पहिल्यांदा नाव. मग कुठून बोलताय. पुढं गाणी झाली, कविता झाल्या, वेगळ्या झालेल्या घरांतली माणसं बोलली. मला त्या रचनेतली एक गोष्ट फार खोल वाटते. एका बाजूनं कितीही जोर लावला तरी तिथं काहीही सुरू होत नाही. सगळ्यात मोठा झोत तुमचा असला तरी तो नुसता आभाळात जाऊन विरतो. पलीकडच्यानं आपला हात वळवला तरच आवाज येतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच सरहद्दीवर, रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सॅन फ्रातेल्लो या दोन वास्तुविशारदांनी पोलादी कुंपणाच्या फटींतून तीन गुलाबी सी-सॉ बसवले होते. एक पोर अमेरिकेत, एक मेक्सिकोत. तासाभराच्या आत सगळं काढून नेलं. ती चित्रं जगभर गेली. मला स्वतःला तरीही बॉर्डर ट्यूनर जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात माणसाला बोलायला लागतं, आणि बोलण्यात धोका असतो.

धोका खराच आहे. मे २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकमेकांना दाखवणारे गोल पडदे लागले, आणि काही दिवसांतच काही लोकांच्या बीभत्स वागण्यामुळे ते तात्पुरते बंद करावे लागले. नंतर पडद्याच्या फार जवळ आलेल्याचं चित्र धूसर होईल अशी सोय करून आणि वेळ ठरवून ते पुन्हा सुरू झाले. बेळगावात उद्या उघडा माइक ठेवला तर पहिल्याच संध्याकाळी घोषणा होतील, हे मला कळतं. म्हणून उघडा माइक नको. आमच्या मातीत याचा दुसरा मार्ग आहे.

जातं.

दोन बायका समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून दळतात. आमच्याकडे हे चित्र चंदगडच्या घाटमाथ्यावरही होतं आणि बैलहोंगलच्या काळ्या रानातही. मराठी बाई जात्यावर ओव्या म्हणायची, कानडी बाई बीसुकल्लाची, म्हणजे जात्याचीच, पदं म्हणायची. दोन्हींत भाऊ येतो, माहेर येतं, सासूचा जाच येतो, पाऊस येतो. दोन्हीकडची जाती एकाच दिशेनं फिरायची आणि दोन्ही गाणी त्या फिरण्याच्या मापावर बसलेली.

माझ्या मनात आहे ते असं. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकात, जिथं चंदगडच्या, खानापूरच्या, बैलहोंगलच्या, गोकाकच्या बायका पिशव्या घेऊन बसची वाट बघत बसतात, तिथं एका दगडी कट्ट्यावर एक मोठं जातं. त्यात दाणे नाहीत. समोरासमोर दोन पाट. एकटीनं बसून जातं ओढलं तर एका बाईचा आवाज येतो, एक ओळ, मग नुसती दगडाची घरघर. समोरच्या पाटावर दुसरं कुणी येऊन बसलं आणि खुंट्याला हात लावला, तर दुसऱ्या भाषेतला दुसरा आवाज पहिल्यात मिसळतो. ओढायचं थांबवलं की गाणं थांबतं. बटण नाही, पडदा नाही, 'सौजन्य' नाही. बसस्थानकच यासाठी, कारण तिथं माणसाकडे वेळ असतो, आणि कारण सीमेवर काही बिनसलं की सगळ्यात आधी बसच बंद होतात, आणि या बायका आपापल्या पिशव्यांसकट अडकून पडतात.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे. तो म्हणतो, अवघड काही नाही. सायकलच्या स्पीडोमीटरला असतं तसं एक चुंबक वरच्या तळीच्या कडेला, खालच्या तळीत ते ओळखणारा सेन्सर. पाटांखाली वजनकाट्यात असतात तसले लोडसेल. तळहाताएवढा संगणक आणि एक स्पीकर. जोरात फिरवलं तर गाणं भरभर पळावं का, हा पहिला वाद झाला. आईनं तो एका वाक्यात मिटवला, "जोरात ओढलं तर पीठ जाडं पडतं, गाणं थांबू दे." तसंच ठरलं.

खरं काम मात्र आवाज गोळा करण्याचं आहे, आणि ते घाईचं आहे, कारण जात्यावर प्रत्यक्ष दळलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढं आहेत. आमच्या शेजारच्या अव्वा बैलहोंगलकडच्या. परसात पडून असलेलं जातं धुऊन त्यांना आणि आईला समोरासमोर बसवलं. चाळीस वर्षांचा शेजार, लग्नकार्यात, दुखण्यात एकमेकींकडे येणं-जाणं, पण दोघींनी एकमेकींची गाणी कधी ऐकली नव्हती. आई ओवीच्या शेवटी श्वास घेते तिथं अव्वांचं पद मधोमध असतं. पहिल्यांदा दोघी अडखळल्या, हसल्या, खुंटा निसटला. मग अव्वांनी अर्ध्या फेऱ्यानं उशिरा सुरुवात केली आणि दोन्ही गाणी एकमेकांच्या मोकळ्या जागांत बसली. भाच्यानं तो अर्धा फेरा लिहून घेतला. यंत्रातही तो तसाच राहणार आहे.

सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला: आधी कुठल्या भाषेचं गाणं लागावं? आमच्या शहरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. एक दिवस मराठी, एक दिवस कानडी असं कुणी सुचवलं. डाव्या पाटावर मराठी, उजव्यावर कानडी असंही निघालं, पण मग बायका पाट निवडून बसतील आणि दोन बाजू तयार होतील. शेवटी अव्वाच म्हणाल्या, की दळण अर्धं टाकून उठलेली बाई जिथं सोडते तिथूनच दुसरी सुरू करते, पहिल्यापासून कोण म्हणतंय? तर जातं मागच्या माणसानं सोडलेली जागा लक्षात ठेवील. पुढं जो बसेल त्याला तिथूनच मिळेल, ती ओळ मराठी असो, कानडी असो, की मध्येच तुटलेली असो.

सध्या अडलंय ते पाटांखालच्या लोडसेलवर. आमचा पाऊस जून ते सप्टेंबर आडवा येतो, बसस्थानकाचं छप्पर त्याला पुरत नाही, आणि लोडसेलच्या जोडणीत ओल शिरली की तो रिकाम्या पाटावरही वजन दाखवतो. भाचा रबराचं आवरण करून बघतोय. आई म्हणते, पाटच थोडा तिरपा ठेवा, पाणी आपोआप निथळेल.